लाइमसाठी २५,००० डॉलर: संशोधनाला द्यावेत की डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला?

प्रश्न असा आहे: मध्य न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळातल्या काही घरांत लाइम, म्हणजे गोचीड चावल्याने होणारा जंतुसंसर्ग, होऊन गेला, त्यातल्या दोघांचं निदान बरंच उशिरा झालं. दिवाळीचा कार्यक्रम आणि सभासदांच्या कंपन्यांचं मॅचिंग (सभासदाच्या देणगीवर कंपनी घालते ती भर) धरून मंडळाकडे साधारण २५,००० डॉलर जमतील. ते संशोधनाला द्यावेत की डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला? कोणत्या संस्थेला? आणि एका सभासदाची सूचना आहे तसे त्यातले थोडे पुण्याला पाठवता येतील का?

निष्कर्ष आधी सांगतो, कारणं मागाहून. २०,००० आपल्याच भागातल्या अर्जंट केअर (वेळ न ठरवता जायचे दवाखाने), बालरोग आणि फॅमिली मेडिसिनच्या लोकांच्या प्रशिक्षणाला द्या, ५,००० रुग्णांचे नमुने जमवणाऱ्या बायोबँकेला. पुण्याला यातून काही पाठवू नका.

पहिलं कारण निव्वळ हिशेबाचं आहे. एनआयएच या अमेरिकन सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या २०२४ च्या श्रेणीप्रमाणे नवख्या पोस्टडॉकला (नुकत्याच पीएचडी झालेल्या संशोधकाला) वर्षाला ६१,००८ डॉलर मिळायचे. आरोग्यविमा वगैरे लाभ धरले की प्रयोगशाळेला तो माणूस ७५ ते ८० हजारांना पडतो. म्हणजे तुमच्या सगळ्या रकमेत एका माणसाचे जेमतेम चार महिने निघतात, आणि उंदीर, रसायनं, सिक्वेन्सिंग यांचा खर्च वेगळाच. त्यातही अख्खे २५,००० प्रयोगशाळेपर्यंत पोहोचत नाहीत. विद्यापीठं थेट खर्चावर ओव्हरहेड, म्हणजे इमारत, वीज, कचेरी यांचा खर्च, लावतात, आणि मोठ्या विद्यापीठांचा केंद्र सरकारशी ठरलेला दर ५० ते ६० टक्क्यांच्या घरात असतो. ६० टक्के लागले तर २५,००० पैकी प्रत्यक्ष कामाला १५,६२५ उरतात, १५ टक्के लागले तर २१,७३९. बहुतेक विद्यापीठं धर्मादाय संस्थांकडून कमी दर स्वीकारतात, पण संस्थेचं तसं लेखी धोरण असेल तरच. मंडळाकडे असं धोरण नसतं. मग विद्यापीठाच्या स्पॉन्सर्ड प्रोग्रॅम्सच्या, म्हणजे बाहेरची अनुदानं सांभाळणाऱ्या, कचेरीतून पूर्ण दराचा आकडा येतो आणि कार्यकारिणीत वादावादी सुरू होते.

यातून एक वाट आहे. विद्यापीठाला पैसे ‘ग्रँट’ म्हणून न देता ‘गिफ्ट’ म्हणून दिले तर ओव्हरहेड लागत नाही किंवा किरकोळ लागतो. मात्र गिफ्टमध्ये कामाचे टप्पे, मुदत, निकाल यांची अट घालता येत नाही. फार तर कुठल्या प्रयोगशाळेच्या कुठल्या फंडात जमा व्हावं, एवढंच सांगता येतं. संशोधक चांगला आणि ओळखीचा असेल तर गिफ्ट बरी. ओळख नसेल तर अटी हातातून जातात, हे समजून द्या.

आता या क्षेत्रात पैसा किती आहे ते पाहू, म्हणजे आपली रक्कम कुठे उभी राहते ते कळेल. सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या अंदाजाने अमेरिकेत दर वर्षी सुमारे ४,७६,००० लोकांचं लाइमचं निदान होऊन उपचार होतात. अधिकृत नोंदी बऱ्याच कमी असतात, २०२३ मध्ये त्या ८९,००० च्या पुढे होत्या. एनआयएच सोडूनही लष्कराच्या वैद्यकीय संशोधन निधीत गोचिडांच्या आजारांसाठी २०१६ मध्ये वेगळी तरतूद झाली. ती वर्षाला ५० लाख डॉलरपासून सुरू झाली आणि पुढे ७० लाखांवर गेली. २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य खातं आणि स्टीव्हन अँड अलेक्झांड्रा कोहेन फाउंडेशन यांनी मिळून लाइमएक्स उपक्रम काढला, त्यात फाउंडेशनचा वाटा अडीच कोटींचा. या पैशांपुढे २५,००० म्हणजे आकड्यातली शेवटची शून्यं.

तरी लहान रकमेला संशोधनात जागा आहे, पण नेमकी कुठे ते ओळखावं लागतं. सरकारी अनुदानाच्या अर्जाला प्राथमिक निष्कर्ष जोडावे लागतात आणि ते काढण्यासाठी सरकार सहसा पैसे देत नाही. ही फट धर्मादाय संस्था भरतात. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात किम लुईस यांच्या प्रयोगशाळेने हायग्रोमायसिन ए हे जुनं प्रतिजैविक लाइमच्या जंतूवर निवडकपणे काम करतं, असं २०२१ मध्ये ‘सेल’ या विज्ञानपत्रिकेत दाखवलं. त्या प्रयोगशाळेच्या लाइमवरच्या कामात लाइमच्या धर्मादाय संस्थांचा पैसा होता. मात्र असा पैसा एखाद्या मंडळाने प्राध्यापकाला परस्पर देऊ नये. ज्या संस्थेकडे बाहेरच्या शास्त्रज्ञांची छाननी समिती आहे तिच्यामार्फत द्यावा. वीसपानी प्रस्ताव वाचून त्यातली खोट शोधणं कार्यकारिणीचं काम नव्हे.

खोट कशी असते त्याचा एक नमुना देतो, कारण देणगी मागणाऱ्या निदान-चाचण्यांच्या प्रस्तावांत ती वारंवार दिसते. ‘आमची नवी चाचणी ९५ टक्के अचूक’ असा दावा असतो. पुढे पाहिलं तर नमुने वीस, आणि बहुतेक गुडघ्याला सूज आलेल्या, महिनोन्‌महिने जुन्या आजाराच्या रुग्णांचे. त्या अवस्थेत रक्तातल्या अँटीबॉडी इतक्या चढलेल्या असतात की १९९४ ची जुनी दुहेरी (दोन टप्प्यांची) रक्तचाचणीही त्यांना पकडते. अडचण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असते. तेव्हा शरीराने पुरेशा अँटीबॉडी बनवलेल्याच नसतात आणि चाचणी बऱ्याचदा निगेटिव्ह येते. चाचणीची कसोटी त्या आठवड्यांतल्या नमुन्यांवर व्हायला हवी. शिवाय सिफिलिस, मोनो (एक विषाणूजन्य ताप) आणि संधिवात यांच्या रुग्णांचे, तसंच लाइम असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही भागांतल्या निरोगी माणसांचे नमुने जोडीला हवेत, नाहीतर खोटी पॉझिटिव्ह किती येतात ते कळत नाही. नमुन्यांवरची नावं झाकलेली असणं तर अगदी प्राथमिक. सीडीसीकडे याच कामासाठी रक्तद्रव्याचा संग्रह आहे. प्रस्तावात त्याचा किंवा तशा दुसऱ्या संग्रहाचा उल्लेख नसेल तर का नाही, ते विचारा.

म्हणूनच बायोबँकेचे ५,०००. पहिल्या आठवड्यातला, लाइमचा चट्टा अंगावर असतानाचा, औषध सुरू होण्याआधीचा नमुना मिळणं फार कठीण. माणूस अर्जंट केअरमध्ये येतो, डॉक्टर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक लिहून देतात, माणूस घरी जातो. त्या वीस मिनिटांत कुणीतरी संमतीपत्र वाचून दाखवून, सही घेऊन, रक्त काढून, ठरल्या वेळात गोठवायला पाठवायचं, हे सगळं माणसांवर चालतं आणि त्याला पैसा लागतो. बे एरिया लाइम फाउंडेशनने उभी केलेली लाइम डिसीज बायोबँक याच कामासाठी आहे. तिचे नमुने देशभरचे संशोधक वापरतात, म्हणजे एका नमुन्यावर अनेकांचं काम होतं. लहान रकमेचं इतकं चीज संशोधनात दुसरीकडे क्वचितच होतं.

आता प्रशिक्षणाकडे, कारण तुमच्या सभासदांचं निदान जिथे अडलं ते ठिकाण हेच आहे.

लाइमचा रुग्ण सगळ्यात आधी तज्ज्ञाकडे जात नाही. तो शनिवारी संध्याकाळी अर्जंट केअरला जातो आणि समोर बहुधा नर्स प्रॅक्टिशनर किंवा फिजिशियन असिस्टंट (डॉक्टर नसलेले, पण तपासून औषध लिहिणारे) असतो. मूल असेल तर बालरोगतज्ज्ञ. ‘फिजिशियन एज्युकेशन’ या नावाने जमवलेल्या पैशातून पंचतारांकित हॉटेलात दोन दिवसांची परिषद भरते, तिला आधीच लाइमवर काम करणारे डॉक्टर येतात आणि एकमेकांची भाषणं ऐकून जातात. शनिवारच्या त्या खोलीपर्यंत काहीच पोहोचत नाही. म्हणून पैसे देण्याआधी पहिला प्रश्न हा विचारा की खुर्चीत कोण बसणार आहे.

दुसरा प्रश्न, शिकवणार काय. पहिल्या संपर्कातल्या माणसाला आठ-नऊ गोष्टी पक्क्या यायला हव्यात. चट्टा दिसला की निदान झालं, रक्त तपासायची गरज नाही. उलट तपासलं तर निगेटिव्ह येऊन दिशाभूल होते. चट्टा गोचीड चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत उमटतो, दिवसागणिक पसरतो आणि साधारण ५ सेंटिमीटरच्या पुढे जातो. चावल्यावर पहिल्या दिवसातच आलेला, खाजणारा, नाण्याएवढा लाल डाग हा बहुधा चाव्याची रिअ‍ॅक्शन. उन्हाळ्यात चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेला रुग्ण आला की लाइमचा विचार करायचा. चक्कर, धडधड असेल तर ईसीजी, आणि त्यातलं पीआर अंतर (हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्यात विद्युत संदेश जायला लागणारा वेळ) ३०० मिलिसेकंदांच्या वर असेल तर थेट रुग्णालय. ताप आहे, चट्टा नाही, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरल्या आहेत, तर गोचिडीचाच दुसरा आजार, अ‍ॅनाप्लाझ्मोसिस. ताप आणि रक्तक्षय दोन्ही असतील तर रक्ताच्या स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या थेंबात) बॅबेसिया हा गोचिडीतूनच येणारा परजीवी शोधायचा, कारण त्याला डॉक्सिसायक्लिन चालत नाही, अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन लागतं. आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सिसायक्लिन द्यायला बरेच डॉक्टर अजून कचरतात. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने २१ दिवसांपर्यंतच्या कोर्सला २०१८ मध्येच मोकळीक दिली आहे. चाचणी लागेलच तर २०१९ पासून मान्य असलेली सुधारित दुहेरी चाचणी मागवावी, तिच्यात दुसऱ्या टप्प्याला वेस्टर्न ब्लॉट या जुन्या पद्धतीऐवजी अँटीबॉडी मोजणारी दुसरी इम्युनोअ‍ॅसे असते. आणि लक्षणं सुरू होऊन महिना उलटला असेल तर नुसत्या आयजीएमच्या (संसर्गात आधी बनणाऱ्या अँटीबॉडीच्या) भरवशावर निदान करू नये.

तुमच्या मंडळाने आग्रहाने मागावी अशी एक गोष्ट मी मुद्दाम वेगळी काढली आहे. पाठ्यपुस्तकातला लाइमचा चट्टा जवळजवळ नेहमी गोऱ्या कातडीवरचा असतो, लाल वलयं, मधे फिकट, नेमबाजीच्या लक्ष्यासारखा. अमेरिकेतल्या बहुतेक रुग्णांत ती वलयं नसतातच, चट्टा सगळीकडून सारखाच रंगलेला असतो. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर तर लाली नीट उठत नाही. चट्टा जांभळट, तपकिरी, मुका मार लागल्यासारखा दिसतो, आणि तोही गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली, जिथे उजेड कमी पडतो. डॉक्टर त्याला नायटा समजतात किंवा सेल्युलायटिस समजून सेफॅलेक्सिन देतात, आणि लाइमवर सेफॅलेक्सिन चालत नाही. तेव्हा प्रशिक्षणातल्या छायाचित्रांपैकी निम्मी सावळ्या आणि काळ्या कातडीवरची असावीत, ही अट करारात लेखी घाला. अशी छायाचित्रं जमवायला, त्यांची संमती मिळवायला पैसे लागतात. ते तुम्ही द्या.

आता पंथांचा प्रश्न. तो टाळून या क्षेत्रात एक डॉलरही देऊ नये. एका बाजूला इन्फेक्शस डिसीजेस सोसायटी, न्यूरॉलॉजी अ‍ॅकॅडमी आणि र्‍हुमॅटॉलॉजी कॉलेज यांची २०२० ची संयुक्त मार्गदर्शक तत्त्वं. दुसऱ्या बाजूला आयलॅड्स या लाइमवर दीर्घ उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेची २०१४ ची. पहिल्यांच्या मते चट्ट्याला १० दिवस डॉक्सिसायक्लिन पुरतं. आयलॅड्सच्या मते चार ते सहा आठवडे. काळ्या पायांची गोचीड ३६ तासांहून जास्त चिकटलेली होती आणि काढून ७२ तास उलटले नाहीत, तर पहिल्या बाजूचे डॉक्सिसायक्लिनचा २०० मिलिग्रॅमचा एकच प्रतिबंधक डोस देतात. आयलॅड्स तो अपुरा मानते आणि वीस दिवस द्यायला सांगते. खरी लढाई मात्र उपचारानंतर महिनोन्‌महिने टिकणाऱ्या थकवा, वेदना, विसराळूपणा यांवर आहे. सीडीसीच्या मते उपचार झालेल्यांपैकी ५ ते १० टक्क्यांना हा त्रास राहतो. २००१, २००३, २००८ आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचण्यांत लांबवलेल्या प्रतिजैविकांनी टिकाऊ फायदा दाखवला नाही. २००३ च्या चाचणीत थकवा काहीसा कमी झाला, पण शिरेतल्या नळीमुळे गंभीर संसर्ग झाले. आयलॅड्सच्या बाजूचे म्हणतात की चाचण्या लहान होत्या आणि रुग्ण फार जुन्या आजाराचे होते. वाद इतका तापला की कनेक्टिकटच्या अ‍ॅटर्नी जनरलनी इन्फेक्शस डिसीजेस सोसायटीच्या २००६ च्या तत्त्वांची चौकशी लावली. २००८ मध्ये तडजोड झाली, आणि फेरतपासणी समितीने २०१० मध्ये सगळ्या ६९ शिफारशी कायम ठेवल्या.

मंडळाने या वादात न्यायाधीश होण्याचं कारण नाही. पण संस्थेला एक सरळ प्रश्न लेखी विचारा: तुमचं प्रशिक्षण कोणत्या तत्त्वांवर बेतलेलं आहे? आयलॅड्सच्या शैक्षणिक फाउंडेशनला दिलेला पैसा आयलॅड्सच्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकण्यासाठी जातो. विद्यापीठाच्या विभागाला दिलेला पैसा बहुधा २०२० च्या तत्त्वांवर खर्च होतो. इन्व्हिजिबल इंटरनॅशनल डॉक्टरांसाठी मोफत ऑनलाइन पाठ तयार करते. देणाऱ्याला हे ठाऊक असावं एवढंच. माझं मत विचाराल तर पहिल्या संपर्काच्या लोकांचं प्रशिक्षण पहिल्या साठ दिवसांपुरतं ठेवा. चट्टा ओळखणं, चाचणी कधी करायची, हृदय आणि मज्जासंस्थेचे धोके यांत दोन्हीकडच्यांचं बव्हंशी जुळतं. दीर्घकाळच्या त्रासाचं उत्तर अजून कुणाकडे नाही. त्यावर वर्ग भरवण्यापेक्षा संशोधन हवं, आणि तो पैसा जॉन्स हॉपकिन्स किंवा कोलंबिया विद्यापीठातल्या केंद्रांसारख्या ठिकाणी जावा.

वीस हजारांचा सुमार असा धरा. आधीच्या आणि नंतरच्या केसपेपरांच्या तपासणीला ६,०००. छायाचित्रं आणि सहा-सात केसेस तयार करायला ५,०००. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेमार्फत सीएमई (डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाचं) क्रेडिट मिळवायला ४,०००. वक्त्यांच्या मानधनाला ३,०००, जेवण आणि छपाईला २,०००. कोटेशनं आली की आकडे हलतील, पण पहिली ओळ कापू देऊ नका. सगळे तीच कापतात. मग अहवालात ‘१२० जण उपस्थित, ९६ टक्के समाधानी’ असं येतं आणि त्यातून काही कळत नाही. समाधान ही प्रशिक्षण मोजायची फार खालची पायरी. मोजायचं ते वागणं: त्या दवाखान्यांत चट्टा नोंदलेल्या किती रुग्णांची विनाकारण रक्ततपासणी झाली, किती जणांना त्याच भेटीत योग्य औषध मिळालं, प्रशिक्षणाआधीच्या उन्हाळ्यात किती आणि नंतरच्या उन्हाळ्यात किती. ही तपासणी दवाखान्याच्या मालक-संस्थेच्या परवानगीशिवाय होत नाही, आणि परवानगीला महिने लागतात. वक्ता शोधायच्या आधी ती मागा.

सीएमईच्या नियमांतली एक बाब मंडळाला सहसा ठाऊक नसते. क्रेडिट देणारी संस्था एसीसीएमई या सीएमईला मान्यता देणाऱ्या संस्थेच्या नियमांनी बांधलेली असते. मजकुरावर ताबा तिचाच, देणगीदाराचा नाही. तुम्ही विषय, श्रोते, छायाचित्रांची अट ठरवू शकता, स्लाइडवर काय लिहायचं ते नाही. आणि चाचणी किंवा औषध विकणाऱ्या कंपनीने त्याच कार्यक्रमाला पैसे देऊ केले तर वेगळे, कडक नियम लागतात. तसा पैसा नाकारलेला बरा.

श्रोते कसे मिळवायचे? न्यू जर्सीत भारतीय वंशाचे डॉक्टर भरपूर आहेत आणि त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, ‘आपी’च्या, शाखा आहेत. तुमच्या सभासदांतच दोन-चार अर्जंट केअरचे डॉक्टर निघतील. त्यांच्यामार्फत दवाखान्यातच दुपारच्या जेवणाच्या वेळात तासाभराचं सत्र ठेवा. संध्याकाळच्या सत्राला नर्स प्रॅक्टिशनर येत नाहीत, ड्युटी असते.

वेळापत्रकात चूक होऊ देऊ नका. बहुतेक लाइम गोचिडीच्या निम्फ, म्हणजे पिल्लाच्या, अवस्थेतून येतो. ती खसखशीएवढी असते आणि मे ते जुलैत जोरात असते. सत्रं मार्च-एप्रिलमध्येच व्हायला हवीत. जूनमध्ये झाली तर त्या वर्षीचा हंगाम हातचा गेला. म्हणजे पैसे जानेवारीत संस्थेच्या खात्यात हवेत. मॅचिंगची रक्कम मात्र कंपन्यांकडून तिमाहीने, कधी त्याहून उशिरा येते. करार हातातल्या रकमेवर करा, मॅचिंग आलं की पुरवणी जोडा.

आता संस्था तपासणं. अमेरिकेत लाइमच्या संस्था लहान-मोठ्या पुष्कळ आहेत. ग्लोबल लाइम अलायन्स २०१५ मध्ये दोन संस्था एक होऊन तयार झाली, ती मुख्यतः संशोधनाला अनुदानं देते. तुमच्याच राज्यातल्या लाइम डिसीज असोसिएशनने दुसऱ्या एका संस्थेबरोबर कोलंबियातलं केंद्र उभं करायला पैसे जमवले, ते २००७ मध्ये सुरू झालं. नाव कोणतंही असो, तिचा फॉर्म ९९०, म्हणजे कर खात्याला दिलेलं वार्षिक विवरण, काढा. तो सार्वजनिक असतो, प्रोपब्लिकाच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोररवर फुकट मिळतो. भाग नऊमध्ये खर्च तीन रकान्यांत वाटलेला असतो: कार्यक्रम, व्यवस्थापन, निधी-संकलन. बहुतेक लोक कार्यक्रमाची टक्केवारी पाहून थांबतात. फसगत तिथेच होते. त्याच भागात खाली ‘जॉइंट कॉस्ट्स’ अशी ओळ असते. देणगी मागणाऱ्या पत्रात ‘गोचीड दिसली तर काय कराल’ अशी चार वाक्यं घातली की त्या पत्राचा काही खर्च ‘जनजागृती’ म्हणून कार्यक्रमाच्या रकान्यात टाकता येतो. कायद्याने चालतं, पण तुमचा पैसा पोस्टेजमध्ये गेला.

मग त्याच फॉर्मची शेड्यूल आय ही पुरवणी उघडा. ५,००० डॉलरच्या वरची अनुदानं ज्या संस्थांना दिली त्यांची नावं, रकमा, हेतू तिथे असतात. ‘आम्ही संशोधनाला पैसे देतो’ म्हणणाऱ्या संस्थेच्या या यादीत विद्यापीठं दिसायला हवीत. शेड्यूल एलमध्ये विश्वस्त आणि त्यांच्या नातेवाइकांशी झालेले व्यवहार असतात. संचालक मंडळावरच्या कुणाचा दवाखाना, चाचणीची प्रयोगशाळा किंवा औषधी पूरकांचं दुकान असेल तर ते इथे किंवा संस्थेच्या हितसंबंधांच्या धोरणात सापडतं. शेड्यूल जी जलशांचा हिशेब देतं. एखाद्या गालात तीन लाख जमले आणि दोन लाख साठ हजार खर्च झाले, असंही दिसू शकतं. फॉर्म एक-दोन वर्षं जुना असतो हे लक्षात ठेवून तीन वर्षांचे एकत्र वाचा. आणि ज्या संस्थेचा फक्त ९९०-एन (लहान संस्थांचा संक्षिप्त फॉर्म) आहे, तिची वार्षिक जमा साधारण ५०,००० च्या आत असते. तिच्याकडे खर्चाचा तपशील छापील नसतो, तो मागून घ्यावा लागतो.

चेकबरोबर पत्र द्या, आणि चेक फाडण्याआधी त्यावर संस्थेची सही घ्या. रक्कम कोणत्या कामाची, कोण करणार, ओव्हरहेड किती टक्के, तो माणूस नोकरी सोडून गेला तर पैशाचं काय, ठरल्या तारखेपर्यंत खर्च न झालेली रक्कम परत की पुढच्या वर्षाला, अहवाल कधी आणि त्यात केसपेपर तपासणीचे आकडे हवेत, परिणाम दिसला नाही तरी निष्कर्ष जाहीर करणार का, हे सगळं एका पानात बसतं. ‘लाइमच्या शिक्षणासाठी’ एवढंच लिहून दिलं तर संस्था त्यातून माहितीपत्रकं छापू शकते, आणि त्यात तिची चूक नाही.

मंडळाच्या बाजूच्या गोष्टी भरभर सांगतो. मंडळ स्वतः ५०१(सी)(३), म्हणजे देणगीवर करसवलत मिळणारी धर्मादाय संस्था, आहे का ते आधी बघा. नसेल तर सभासदांनी चेक थेट संस्थेच्या नावाने लिहावेत, नाहीतर त्यांना करसवलत मिळत नाही. २५० डॉलर किंवा जास्त देणाऱ्याला लेखी पोच लागते. कार्यक्रमाच्या तिकिटात जेवण आणि नाटक असेल तर त्याची वाजवी किंमत वजा जाता उरेल तेवढीच देणगी, आणि तिकीट ७५ च्या वर असेल तर ती किंमत पावतीवर छापावी लागते. लकी ड्रॉ ठेवणार असाल तर न्यू जर्सीत त्याला राज्याच्या खेळ-नियंत्रण आयोगाची नोंदणी आणि गावच्या क्लार्ककडून परवाना लागतो. दिवाळीच्या आठवड्यात तो मिळत नाही, दोनेक महिने आधी अर्ज करा. ज्येष्ठ सभासदांपैकी ज्यांचं वय साडेसत्तरच्या पुढे आहे, त्यांनी आयआरए या निवृत्ती-बचत खात्यातून थेट संस्थेला दिलं तर ती रक्कम उत्पन्नातच धरली जात नाही. भाव वाढलेले शेअर असतील तर विकून रोख देण्यापेक्षा शेअरच द्यावेत. डोनर-अ‍ॅडव्हाइज्ड फंडातून (आधीच दान करून ठेवलेल्या, पुढे आपल्या सूचनेने वाटायच्या निधीतून) देणाऱ्यांनी त्या पैशातून तिकीट घ्यायचं नाही, हा नियम बरेच जण मोडतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

राहिलं पुणे. महाराष्ट्रात आणि गोव्यात गोचिडांचे आजार आहेत, पण ते दुसरे. दोडामार्ग आणि सत्तरीकडे क्यासनूर जंगल ताप येतो, तो विषाणूचा. विदर्भात २०१८ मध्ये स्क्रब टायफस पसरला, तो तर गोचिडीचाही नाही, चिगर माइट या बारीक किड्याचा. लाइमच्या नावाने जमवलेला पैसा तिथे नेला तर इथल्या देणगीदारांशी केलेला शब्द मोडतो. शिवाय भारताच्या दृष्टीने अमेरिकेतलं मंडळ हा परदेशी स्रोत. घेणाऱ्या संस्थेला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या ठरलेल्या शाखेतच उतरतात, २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था ते पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि व्यवस्थापनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू शकत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या सभासदाने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत, पण तिच्यावर इथे करसवलतही नाही.

पुण्याशी खरा संबंध आहे तो आईवडिलांमुळे. ते मेमध्ये येतात, परसात वांगी-मिरच्या लावतात, जुलै-ऑगस्टमध्ये परततात, आणि चट्टा तीस दिवसांपर्यंत उमटू शकतो. म्हणजे तो कोथरूडच्या दवाखान्यात दिसतो, जिथे लाइम कुणी फारसा पाहिलेला नसतो. त्यासाठी संस्था नको, निधीही नको. मराठी आणि इंग्रजीत एक पान करा: न्यू जर्सीत कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत राहिले, गोचीड दिसली होती का, परतल्यावर महिनाभरात पसरणारा चट्टा, ताप किंवा चेहरा वाकडा झाला तर हे पान डॉक्टरांना दाखवा, खाली सावळ्या कातडीवरच्या चट्ट्याचे दोन फोटो. ते पासपोर्टच्या पाकिटात ठेवून द्या, आणि चट्टा दिसल्यास त्याशेजारी नाणं किंवा मोजपट्टी धरून रोज एक फोटो काढायला सांगा.